कुटुंब समोर बसल्यावर नेमकं काय करायचं? फॅमिली थेरपीतल्या पद्धती आणि त्यांचा वापर

प्रश्न असा आहे: वैयक्तिक समुपदेशनाचं प्रशिक्षण झालंय, एकेका क्लायंटबरोबर काम बरं चालतं, पण अख्खं कुटुंब समोर आलं की पहिल्या दहा मिनिटांत सगळे एकमेकांवर तुटून पडतात आणि सेशन हातातून जातं. पुस्तकांत तर आठ-दहा पद्धती दिलेल्या असतात. त्यातली कोणती, कधी आणि कशी वापरायची?

पद्धतींची नावं क्षणभर बाजूला ठेवा. यातलं जवळजवळ प्रत्येक तंत्र मुळात एकच काम करतं: खोलीत कोण कोणाशी आणि कोणाबद्दल बोलतंय, ती दिशा बदलतं. फॅमिली थेरपीच्या प्रवर्तकांपैकी सॅल्व्हाडोर मिनुचिन घरच्यांना एकमेकांशी बोलायला लावायचे आणि स्वतः मागे सरकायचे. मरे बोवेन यांचं उलट. जोडप्यातल्या प्रत्येकाने थेरपिस्टशी बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचं. इटलीतल्या मिलानमधल्या थेरपिस्टांच्या गटाने तिसऱ्या माणसाला दोघांच्या नात्याबद्दल विचारण्याची पद्धत विकसित केली. नॉर्वेचे टॉम अँडरसन यांनी १९८५ मध्ये तर एकतर्फी आरशामागून सेशन पाहणाऱ्या टीमलाच बोलायला लावलं आणि कुटुंबाला ऐकायला बसवलं. तेव्हा 'कोणती पद्धत चांगली' याऐवजी दोन गोष्टी पाहायच्या. या घरातलं बोलणं कुठे अडकलंय? आणि आत्ता खोलीत तणाव किती आहे? अमुक एका विचारपरंपरेचा (स्कूलचा) थेरपिस्ट हे बिरुद परिषदेत शोभतं, समोर चार माणसं भांडत असताना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पहिला फोन आणि पहिलं सेशन

काम फोनपासूनच सुरू होतं. फोन करणाऱ्याची कहाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त ऐकू नये, कारण अर्धा तास ऐकलं की तुम्ही सेशनच्या आधीच त्याच्या बाजूचे होऊन बसता. चार गोष्टी विचारा: घरात कोण कोण राहतं, अडचण एका वाक्यात काय आहे, फोन केल्याचं आणखी कोणाला माहीत आहे, आणि याआधी कोणाची मदत घेतली होती. पहिल्या वेळी घरात राहणाऱ्या सगळ्यांना बोलवा. एखादा यायला तयार नसेल तर फोन करणाऱ्याकरवी निरोप पाठवू नका, तो हुकूम म्हणूनच पोचतो. परवानगी घेऊन स्वतः बोला: "तुमची बाजू ऐकल्याशिवाय मला अर्धंच चित्र दिसेल, एकदा येऊन जा." तरीही नाही आला, तर जे येतील त्यांच्यासह सुरुवात करायची. मात्र गैरहजर माणसाची उलटतपासणी चालू द्यायची नाही.

खोलीत माणसांपेक्षा एक खुर्ची जास्त ठेवा आणि कोण कुठे बसतं ते फक्त बघा. आई आणि मुलगा शेजारी, वडील दाराजवळ, हे दिसलं तरी लगेच अर्थ काढायचा नाही. ही पहिली नोंद, तिला दुजोरा मिळायचाय. लहान मुलं असतील तर कागद आणि खडू हवेतच.

पहिल्या सेशनला ७५ ते ९० मिनिटं ठेवा. अमेरिकन थेरपिस्ट जे हेली यांनी १९७६ मध्ये मांडलेला चार टप्प्यांचा आराखडा आजही सगळ्यात भरवशाचा आहे: ओळख, अडचण, आपसातला संवाद, उद्दिष्ट. ओळखीला साधारण दहा मिनिटं. प्रत्येकाशी अडचण सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला. ही औपचारिकता वाटते म्हणून नवखे लोक ती उरकतात आणि तिथेच फसतात, कारण पुढे ज्याला अवघड प्रश्न विचारायचा आहे त्याच्याशी धागा जुळलेलाच नसतो. अडचणीच्या टप्प्यात प्रत्येकाला तीन-चार मिनिटं द्या. ज्याच्यामुळे सगळे आलेत त्या मुलापासून सुरुवात नको, आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्यापासूनही नको. बहुतेक वेळा गप्प असलेल्या पालकापासून सुरू केलेलं बरं. मध्ये कोणी तोंड घातलं तर शांतपणे थांबवा: "तुमची पाळी येतेय, आधी यांचं पूर्ण होऊ दे." हे तुम्ही पहिल्या दोन वेळांत केलं नाहीत, तर पुढचा तासभर करता येणार नाही. सेशन हातातून जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. या टप्प्यात सल्ला अजिबात द्यायचा नाही.

शेवटचा टप्पा उद्दिष्टाचा. "त्याने नीट वागावं" हे उद्दिष्ट होत नाही. "आठवड्यातून निदान तीन दिवस पहिल्या तासाला शाळेत असणं" हे होतं. डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल अशा भाषेत उतरेपर्यंत विचारत राहा.

घराचा नकाशा

दुसऱ्या सेशनच्या आधी दहा मिनिटं काढून कागदावर नकाशा काढा. घरातल्या दोघांत किंवा दोन पिढ्यांत कोण कोणाच्या गोष्टीत किती शिरतं, ती मर्यादा म्हणजे सीमा. मिनुचिन यांची चिन्हं सोपी आहेत: स्पष्ट सीमा म्हणजे तुटक रेघ, विरळ सीमा म्हणजे ठिपके, कडक सीमा म्हणजे सलग रेघ. दोघांत साधी जवळीक असेल तर दोन समांतर रेघा, अति गुंतणं असेल तर तीन. संघर्ष दाखवायला जोडणारी रेघ मध्येच दोन छोट्या उभ्या रेघांनी तोडायची.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा नमुना त्रिकोणाचा. नवरा-बायकोतला तणाव वाढला की त्यातलं एक जण मुलाला जवळ ओढतं, किंवा दोघंही मुलाच्या तक्रारींत एकत्र येतात आणि आपसातला विषय टळतो. शाळेत न जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचं उदाहरण घेऊ. सकाळी आई उठवते, तो उठत नाही, वडील ओरडतात, आई "त्याच्यावर ओरडू नका" म्हणते, वडील निघून जातात, मुलगा झोपून राहतो. या साखळीत 'दोषी' शोधायला गेलात की तुम्ही घरातले चौथे भांडणारे झालात. प्रत्येकाची कृती मागच्याच्या कृतीला दिलेलं उत्तर आहे, आणि वडील निघून गेल्यावर प्रत्येकाला थोडी सुटका मिळते. साखळी टिकते ती या सुटकेमुळे.

जेनोग्राम, म्हणजे पिढ्यांची नाती दाखवणारी आकृती, हे वेगळं साधन आहे. निदान तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, भावंडं वयाप्रमाणे डावीकडून उजवीकडे, मृत्यू झाला असेल तर आकृतीवर फुली. त्याला ४० ते ६० मिनिटं लागतात, म्हणून पहिल्या सेशनमध्ये नको. लोकांना तिथे आजच्या त्रासाबद्दल बोलायचं असतं आणि तुम्ही पणजोबांची चौकशी करत बसता. आकृती सुबक काढण्यापेक्षा तारखा भरण्यावर भर द्या. लक्षण सुरू झालं त्याच्या आगेमागे वर्षभरात कोणी गेलं का, नोकरी सुटली का, घर बदललं का, कोणी घर सोडून गेलं का, हे शेजारी लिहिलं की कित्येकदा घरच्यांनाच पहिल्यांदा संबंध दिसतो.

वर्तुळाकार प्रश्न

मारा सेल्व्हिनी पालाझोली, बोस्कोलो, चेकिन आणि प्राटा या मिलानच्या गटाने १९८० मध्ये तीन तत्त्वं मांडली: गृहीतक (घरात काय चाललंय याचा तपासून पाहायचा अंदाज), वर्तुळाकारता (एकाचं वागणं दुसऱ्याच्या वागण्याशी जोडून पाहणं) आणि तटस्थता (कोणाचीच बाजू न घेणं). प्रत्यक्षात याचा अर्थ असा की "तुला कसं वाटतं?" याऐवजी माणसांमधला फरक विचारायचा. काही नमुने:

"आई गप्प झाली की घरात सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतं? मग तो काय करतो?"

"दादाच्या शाळेची काळजी कोणाला सगळ्यात जास्त आहे? त्याच्या खालोखाल कोणाला?"

"बाबा गावाला गेलेले असतात तेव्हा सकाळ वेगळी जाते का?"

"समजा तो पुढच्या महिन्यापासून रोज शाळेत जायला लागला. मग तुमच्या दोघांत कोणता विषय वर येईल?"

शेवटचा प्रश्न जपून विचारा, पण विचारा जरूर. त्यानंतरची शांतता पुष्कळ सांगते.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे प्रश्नांचा भडिमार. चार-पाच प्रश्न झाले की थांबून ऐकलेलं परत सांगा, नाहीतर ती चौकशी समिती होते. दुसरी जास्त गंभीर: आई-वडिलांचं गुपित मुलाकडून काढून घेणं. उत्तर देण्याआधी मूल आईकडे पाहतंय असं दिसलं की प्रश्न मागे घ्यायचा: "राहू दे, हा प्रश्न मोठ्यांसाठी होता." ही माघार आई-वडीलही पाहत असतात आणि त्यांचा विश्वास तिथे वाढतो.

समोरासमोर बोलायला लावणं

मिनुचिन यांच्या स्ट्रक्चरल (घराची रचना बदलू पाहणाऱ्या) पद्धतीतलं हे मुख्य तंत्र, इंग्रजीत याला एनॅक्टमेंट म्हणतात. शिकायला अवघड, म्हणून जरा तपशिलात.

विषय छोटा आणि आजचा निवडा. "आमचं नातं" हा विषय नको, "सोमवारी सकाळी त्याला कोण उठवणार आणि दुसरा तेव्हा काय करणार" हा हवा. दोघांच्या खुर्च्या खरोखर एकमेकांकडे वळवून घ्या, मान वळवून काम भागत नाही. सूचना एका दमात द्या: "आता माझ्याशी बोलू नका. सोमवार सकाळचं तुम्ही दोघं आत्ता इथे ठरवा." मग आपली खुर्ची हातभर मागे घ्या आणि नजर खाली ठेवा. ते तुमच्याकडे वळतीलच. वडील म्हणतील, "बघा ना, ही असंच करते." उत्तर देऊ नका, हाताने बायकोकडे खूण करा: "त्यांना सांगा."

साधारण दोन-तीन मिनिटांत संभाषण घरी जिथे तुटतं तिथेच येऊन पोचेल. आईचे डोळे भरतील, वडील घड्याळ पाहतील आणि नेमका त्याच क्षणी मुलगा काहीतरी विनोद करेल किंवा म्हणेल, "जाऊ दे ना, मी जाईन शाळेत." सगळं कौशल्य या क्षणात आहे. मुलाला हळूच थांबवा: "तू मदत करतोयस हे कळलं मला. पण हे काम त्यांचं आहे, तू जरा बस." आणि पालकांना: "चालू ठेवा." नेहमीच्या तुटण्याच्या जागेपलीकडे एखादं मिनिट जरी गेले, तरी ते नवीन आहे. शेवटी निकाल काय लागला यापेक्षा काय वेगळं घडलं ते नेमकं सांगा: "या वेळी तुम्ही उठून गेला नाहीत. आणि तुम्ही वाक्य पूर्ण केलंत."

फसतं कुठे? ओळखीचं काम नीट झालेलं नसताना हे केलं की घरच्यांना ती परीक्षा वाटते. विषय मोठा घेतला की जुनी सगळी भांडणं बाहेर येतात. सगळ्यात जास्त फसतं ते थेरपिस्टच्या घाईमुळे: शांतता सहन होत नाही, तो मध्ये पडून दुभाष्याचं काम करतो आणि त्याक्षणी तंत्र संपतं.

तणाव जास्त असेल, आवाज चढत असतील, टोमणे अपमानापर्यंत जात असतील, तर हे तंत्र वापरायचं नाही. तेव्हा बोवेन यांची दिशा घ्या. एकाने तुमच्याशी बोलायचं, तुम्ही विचार करायला लावणारे शांत प्रश्न विचारायचे ("तो असं म्हणाला तेव्हा तुम्ही मनात काय ठरवलंत?"), दुसऱ्याने ऐकायचं. आठ-दहा मिनिटांनी दुसऱ्याला विचारायचं: "ऐकताना तुमच्या मनात काय चाललं होतं?" जॉन गॉटमन यांच्या जोडप्यांवरच्या कामातून आलेला एक आकडा इथे उपयोगी आहे. नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत नसतो, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून भांडणातून घेतलेला पाच मिनिटांचा ब्रेक बहुधा वाया जातो.

केलेले उपायच आड येतात तेव्हा

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या थेरपिस्टांच्या गटाचं (वॉट्झलाविक, विकलँड, फिश) मुख्य निरीक्षण असं की अडचण सोडवायला केलेला उपायच पुष्कळदा तिला जिवंत ठेवतो. म्हणून आधी यादी करा: आजवर कोणी काय काय करून पाहिलं? समजावणं, बक्षीस, धमकी, मोबाइल काढून घेणं. यादी लांबलचक दिसते, पण त्यातल्या बहुतेक उपायांची दिशा एकच असते, "त्याच्या मागे लागणं". मग नेमकं उलट्या दिशेचं एक छोटं काम द्यायचं. उदाहरणार्थ, उठवायची हाक एकदाच, वडिलांनी मारायची, आईने त्या वेळी दुसऱ्या खोलीत राहायचं, सात दिवस. या गटाने सेशनची मर्यादा दहा ठेवली होती, आणि ती मर्यादासुद्धा उपचाराचाच भाग ठरते.

याच परंपरेतली 'लक्षण मुद्दाम चालू ठेवा' अशी विरोधाभासी सूचना आत्महत्येचे विचार, हिंसा, व्यसन, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा खाण्याचे विकार असतील तिथे द्यायची नाही. माझ्या मते नवख्याने ती कुठेच देऊ नये. तिच्यात चमक आहे म्हणून मोह होतो, पण कुटुंबाला आपली खिल्ली उडवली जातेय असं वाटलं तर ते परत येत नाही.

दिलेलं काम करून आले नाहीत तर रागावू नका आणि सोडूनही देऊ नका. "कुठल्या दिवसापर्यंत झालं? थांबलं तेव्हा कोण काय म्हणालं?" एवढं विचारलं की तीच साखळी पुन्हा हाती येते.

दोष आणि माणूस वेगळे करणं

घर तक्रारीत इतकं रुतलेलं असतं की मूल म्हणजेच समस्या असं समीकरण झालेलं असतं. तिथे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन यांची बाह्यीकरणाची पद्धत चांगली चालते, विशेषतः लहान मुलांत. त्रासाला मुलानेच नाव द्यायचं, तुम्ही सुचवायचं नाही. मग त्या त्रासाने प्रत्येकाचं काय काय बिघडवलं ते विचारा, आणि त्यानंतर: "असं कधी झालं का, की तो आला होता पण तू त्याचं ऐकलं नाहीस?" असा एखादा प्रसंग सापडला की त्याच्यावर भरपूर वेळ घालवा. कधी, कुठे, कोणी पाहिलं, ते जमेल असं घरात कोणाला आधीच वाटलं असतं? घाई केली तर तो प्रसंग 'अपवाद' म्हणून निसटून जातो. एक धोका लक्षात ठेवा: मारहाण करणाऱ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत "राग आला आणि त्याने करवलं" अशी पळवाट या भाषेतून तयार होते. तिथे ही पद्धत नको.

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची शून्य ते दहाची पट्टी कुठल्याही पद्धतीत मिसळता येते. शून्य म्हणजे सगळ्यात वाईट, दहा म्हणजे अडचण सुटलेली; प्रत्येकाने आपण आज कुठे आहोत तो आकडा सांगायचा आणि आकड्यांवर वाद घालायचा नाही. तीन म्हणाला तर "दहा का नाही" असं विचारू नका, "एक का नाही, तीन का?" असं विचारा. मग "चारवर आलात तर घरी पहिल्यांदा काय वेगळं दिसेल?" नुकतंच कोणी गेलं असेल किंवा आपलं दुःख अजून कोणी ऐकूनच घेतलेलं नाही असं वाटत असेल, तर हे प्रश्न उथळ वाटतात. आधी ऐका.

जोडप्यांसाठी स्यू जॉन्सन यांची भावनाकेंद्रित पद्धत वेगळी शिकण्यासारखी आहे. एक जण मागे लागतो, दुसरा आत मिटतो, आणि दोघंही एकमेकांच्या भीतीला खतपाणी घालतात. हे चक्र दोघांसमोर मांडून त्याखालची भीती बोलती करायची. साधारण ८ ते २० सेशन लागतात.

जिथे ठरलेला आराखडाच पाळायचा

काही आजारांत स्वतःची खिचडी करू नये. स्किझोफ्रेनियात घरातली टीका, वैरभाव आणि अति गुंतणं यांचा आजार उलटण्याशी संबंध आहे, हे जॉर्ज ब्राउन आणि पुढे व्हॉन व लेफ यांच्या १९७६ च्या अभ्यासाने दाखवलं. आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर सहवास असेल तर धोका वाढलेला दिसला. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे झाला असा नाही, आणि हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेची शिफारस ३ महिने ते १ वर्ष या काळात किमान १० नियोजित सेशनची आहे, औषधं चालू ठेवून. कामाचे भाग ठरलेले: आजाराची माहिती, उलटण्याच्या आधीच्या खुणा, संवादाचा सराव, प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या. संवादात एका वेळी एकच कौशल्य घ्या. "तू ऐदी आहेस" याऐवजी "आंघोळ दहाच्या आत केलीस तर मला निघायला सोपं जाईल" हे वाक्य खोलीत मोठ्याने, दोन-तीनदा म्हणवून घ्यायचं.

किशोरवयीन ॲनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याच्या आजारात) लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातून आलेली पद्धत तीन टप्प्यांची आहे: आधी खाण्याचा ताबा पालकांकडे, मग हळूहळू मुलीकडे किंवा मुलाकडे परत, शेवटी वयाला साजेशा प्रश्नांवर काम. वजन दर सेशनला घेतलं जातं आणि शारीरिक तपासणी करणारा डॉक्टर सोबत असावाच लागतो.

एकत्र बसवायचं नाही तेव्हा

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत प्रत्येक मोठ्या माणसाशी १५-२० मिनिटं एकट्याने बोलण्याचा नियम करा. सगळ्यांसाठीच नियम असला की कोणाला संशय येत नाही. तिथे थेट विचारा: "घरात कोणाची भीती वाटते का? कधी हात उचलला गेलाय का? इथे बोललेल्याचे परिणाम घरी भोगावे लागतील का?" होकार आला तर एकत्र सेशन थांबवा आणि आधी सुरक्षिततेचं बघा. खोलीत खरं बोलल्याची शिक्षा घरी मिळत असेल तर एकत्र उपचार त्या माणसाला जास्त धोक्यात घालतात. मुलावरच्या अत्याचाराबाबत कळवण्याचं कायदेशीर बंधन असेल तर ते आणि गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगितलेल्या हव्यात.

गुपितांचं धोरणही तेव्हाच आणि लेखी: एकट्याने सांगितलेलं काय तुमच्याकडे राहील आणि काय राहणार नाही. हे ठरवलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात रात्री मेसेज येतो, "त्यांना सांगू नका, पण…" आणि त्रिकोणाचा तिसरा कोपरा तुम्हीच होता.

अंतर आणि शेवट

सुरुवातीची तीन-चार सेशन आठवड्याने ठेवा, नंतर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. मिलानचा गट तर महिन्याचं अंतर ठेवायचा, कारण बदल सेशनमध्ये होत नाही, दोन सेशनच्या मधल्या काळात घरी होतो. पाच-सहा सेशननंतरही पट्टीवरचा कोणाचाच आकडा हललेला नसेल, तर तंत्र बदलण्याआधी उद्दिष्ट नक्की कोणाचं होतं ते तपासा. फोन करणाऱ्याचं एकट्याचं उद्दिष्ट सगळ्यांचं धरून चाललेलो असतो, असं पुष्कळदा निघतं.

शेवटचं सेशन उजळणीत घालवू नका. "समजा दोन महिन्यांनी सोमवारी सकाळी तो पुन्हा उठला नाही. आधी कोणाच्या लक्षात येईल? तेव्हा बाबा काय करतील, आई काय करेल, तुला स्वतःला काय हवं असेल?" ही उत्तरं घरच्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहून घ्या. एक प्रत त्यांना द्या, एक फाइलला लावा, आणि तीन महिन्यांनंतरच्या फेरभेटीची तारीख त्याच कागदावर टाका.